विश्लेषण : नोकरी देताना कंपन्या विद्यापीठाचे नाव किती बघतात? दिव्यातल्या पदवीधराचा हिशेब

चर्चगेटच्या सिडनहॅम महाविद्यालयातून बीकॉम झालेला मुलगा आणि डोंबिवलीच्या एखाद्या महाविद्यालयातून बीकॉम झालेली मुलगी, या दोघांच्या पदवी प्रमाणपत्रावर अनेक दशके एकच नाव छापले जात होते : मुंबई विद्यापीठ. अभ्यासक्रम एक, शेवटच्या वर्षाची प्रश्नपत्रिका एक, शिक्काही एक. तरीही नोकरीसाठी आलेल्या बायोडेटांची चळत चाळणाऱ्याची नजर विद्यापीठाच्या नावावर थांबत नसे. ती पुढच्या शब्दावर, महाविद्यालयाच्या नावावर जात असे.

दिव्यातल्या कुटुंबासाठी हा प्रश्न दोनदा येतो. बारावीनंतर पहिल्यांदा : सीएसएमटीपर्यंतचे सुमारे ४३ किलोमीटर रोज लोकलच्या गर्दीत उभ्याने काढायचे आणि दक्षिण मुंबईतले ‘नाव’ मिळवायचे, की दोन स्थानकांवरच्या डोंबिवलीत किंवा तीन स्थानकांवरच्या ठाण्यात शिकून संध्याकाळी एखादी अर्धवेळ नोकरी धरायची? पदवीनंतर दुसऱ्यांदा, आणि तेव्हा तो जास्त महाग असतो : एमबीएसाठी कर्ज काढायचे का, आणि काढायचे तर कोणत्या संस्थेसाठी?

नोकरीच्या बाजारात नावाला किंमत आहे, यात शंका नाही. पण ती मोजक्याच दारांवर चालते, बहुतांशी पहिल्या नोकरीपुरती चालते, आणि ती शिकवण्याच्या दर्जाची किंमत नसते, तर प्रवेशाच्या चाळणीची असते. हे लक्षात न घेता घेतलेला निर्णय दिव्यासारख्या ठिकाणी फार महागात पडतो, कारण इथे चुकीच्या फीची भरपाई करायला घरात दुसरा पैसा नसतो.

एकाच शिक्क्याची फाटाफूट

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ ची. सिडनहॅम १९१३ चे, आशियातील पहिले वाणिज्य महाविद्यालय म्हणून ओळखले जाणारे. माटुंग्याचे पोदार महाविद्यालय १९४१ चे. या महाविद्यालयांचे नाव झाले, कारण मुंबईतील बँका, विमा कंपन्या आणि गिरण्यांच्या कार्यालयांत त्यांचे विद्यार्थी आधी पोहोचले, वर चढले आणि पुढच्या भरतीत आपल्याच महाविद्यालयाकडे बघू लागले. उपनगरांतली महाविद्यालये नंतर आली. १९९९ च्या सुमारास विद्यापीठाने बीएमएस ही व्यवस्थापनाची पदवी सुरू केली आणि ठाणे, डोंबिवली, कल्याण, उल्हासनगर पट्ट्यात विनाअनुदानित तुकड्या भराभर उघडल्या. दिव्यातली बहुतेक मुले याच तुकड्यांत शिकतात.

गेल्या काही वर्षांत हा एकच शिक्काही फुटला. सिडनहॅम आता डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठात आहे. चर्चगेटची एचआर आणि केसी ही महाविद्यालये एचएसएनसी विद्यापीठात गेली. काही महाविद्यालये स्वायत्त झाली. पदवी मुंबई विद्यापीठाची, पण प्रश्नपत्रिका आणि गुण महाविद्यालयाचे. त्यातच २०२४ मध्ये अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने बीबीए, बीएमएस आणि बीसीए हे अभ्यासक्रम आपल्या कक्षेत घेतले आणि राज्यात त्यांच्यासाठी पहिल्यांदाच सीईटी झाली. सीईटीच्या जाळ्यातून सुटण्यासाठी अनेक महाविद्यालयांनी बीएमएसचे नामकरण ‘बीकॉम (मॅनेजमेंट स्टडीज)’ करून टाकले. वर्ग तोच, शिक्षक तेच, बाकही तेच. फक्त फळ्यावरचे नाव बदलले.

मुंबईच्या माणसाला हा घोळ कदाचित समजेल. बंगळूर किंवा गुरुग्रामच्या कार्यालयात बसून मुंबईसाठी भरती करणाऱ्या एचआर अधिकाऱ्याला तो समजत नाही, आणि समजून घ्यायला त्याच्याकडे वेळही नसतो. तो ओळखीच्या नावांना आणखी घट्ट धरतो. म्हणजे पदव्यांची नावे जितकी वाढतात तितका फायदा जुन्या नावांचा होतो, नव्यांचा नाही.

विद्यापीठाची प्रतिष्ठा ढासळली की फटका कोणाला बसतो, हे २०१७ मध्ये दिसले. संगणकावर उत्तरपत्रिका तपासण्याचा प्रयोग फसला, निकाल महिनोन् महिने रखडले, आणि अखेर कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. त्या काळात स्वायत्त महाविद्यालयांचे निकाल त्यांच्या स्वतःच्या हातात होते. ताटकळली ती संलग्न महाविद्यालयांतली मुले. कोणाचे पुढचे प्रवेश हुकले, कोणाला गुणपत्रिकेअभावी नोकरीवर रुजू होता आले नाही. पुढे २०२१ मध्ये ‘नॅक’ने विद्यापीठाला ‘ए प्लस प्लस’ ही श्रेणी दिली. पण बायोडेटा चाळणारा माणूस ‘नॅक’ची श्रेणी बघत नाही.

नाव बघतात ते कोण?

मोठ्या सल्लागार कंपन्या, गुंतवणूक बँका, आणि साबण-बिस्किटांपासून रंगापर्यंतच्या मोठ्या ब्रँडच्या कंपन्यांची ‘मॅनेजमेंट ट्रेनी’ भरती. या भरतीत यादी असते. यादीतल्या संस्थांच्या कॅम्पसवर कंपनी स्वतः जाते. यादीबाहेरच्याने संकेतस्थळावर अर्ज टाकायचा आणि वाट बघायची. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ लॉरेन रिव्हेरा यांनी अशा कंपन्यांच्या भरतीचा आतून अभ्यास करून २०१५ मध्ये ‘पेडिग्री’ हे पुस्तक लिहिले. यादीबाहेरच्या विद्यापीठांतून आलेले अर्ज अनेकदा नीट वाचलेही जात नाहीत, हे त्यांनी तिथे दाखवले. भारतात यादीत आयआयएम आणि मोजक्या जुन्या संस्था असतात, पद्धत तीच.

मुंबईत या यादीतले ठळक नाव म्हणजे जमनालाल बजाज व्यवस्थापन संस्था. १९६५ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बिझनेस स्कूलच्या सहकार्याने ती सुरू झाली. उदय कोटक हे सिडनहॅम आणि जमनालाल बजाज या दोन्हींचे विद्यार्थी. ही संस्था मुंबई विद्यापीठाचाच विभाग आहे. म्हणजे जे विद्यापीठाचे नाव डोंबिवलीच्या बीएमएस पदवीवर ‘साधे’ मानले जाते, तेच इथे सोन्याचे होते. फरक नावात नाही. राज्याच्या एमबीए-एमएमएस सीईटीला लाखाहून अधिक विद्यार्थी बसतात, आणि इथल्या प्रवेशासाठी ९९ च्या वरचे पर्सेंटाइल लागते. कंपनी या संस्थेत येते ती विद्यापीठावर विश्वास ठेवून नव्हे, सीईटीवर विश्वास ठेवून.

अर्थशास्त्रज्ञ मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये याला सिद्धान्ताचे रूप दिले. २००१ च्या नोबेल पुरस्कारामागे हेच काम होते. उमेदवार किती कामाचा आहे हे मालकाला आधी कळत नाही. म्हणून तो असा पुरावा शोधतो, जो मिळवणे कच्च्या उमेदवाराला अवघड जाते. कठीण प्रवेश हा असा पुरावा. दोन वर्षांत वर्गात काय शिकवले हा प्रश्न त्यात येतच नाही. मालकाच्या दृष्टीने हे स्वस्तही पडते : हजारो अर्जांतून वीस माणसे निवडण्याचा खर्च प्रवेश परीक्षेने आधीच केलेला असतो, आणि त्याची फी विद्यार्थ्याने भरलेली असते.

तिथे जास्त शिकवतात म्हणून?

या प्रश्नाचे भारतातले एक थेट उत्तर उपलब्ध आहे. अर्थशास्त्रज्ञ शीतल सेखरी यांनी भारतातील नामांकित सरकारी महाविद्यालयांच्या कटऑफच्या अगदी वर आणि अगदी खाली राहिलेल्या विद्यार्थ्यांची तुलना केली. ही मुले जवळजवळ सारखीच. एखाद्या गुणाने काही आत गेली, काही बाहेर राहिली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा निष्कर्ष असा, की नामांकित महाविद्यालयात गेलेल्यांना नंतर पगार जास्त मिळाला, पण अंतिम परीक्षेतल्या गुणांत मात्र फरक पडला नाही. म्हणजे महाविद्यालयाने ज्ञानात भर घातल्याचे दिसले नाही, पगारात घातली.

अमेरिकेतला जुना आणि गाजलेला अभ्यास स्टेसी डेल आणि अॅलन क्रूगर यांचा, २००२ चा. ज्या मुलांनी सारख्याच दर्जाच्या महाविद्यालयांत अर्ज केले होते, पण काही मोठ्या नावाच्या ठिकाणी गेली आणि काही साध्या ठिकाणी, त्यांच्या पुढच्या कमाईत सरासरी फरक जवळजवळ नव्हता. हुशार आणि धडपडी मुले कुठेही गेली तरी कमावतात, असा त्याचा अर्थ लावला गेला. तो लावताना एक ओळ बहुतेक वेळा गाळली जाते : गरीब घरातल्या मुलांना मात्र नावाच्या महाविद्यालयाचा फायदा झाला होता. राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन यांच्या २०२३ च्या अभ्यासातही असेच दुहेरी चित्र आहे. अतिप्रतिष्ठित विद्यापीठाने सरासरी कमाई फारशी बदलली नाही, पण सर्वात वरच्या एक टक्क्यात पोहोचण्याची आणि नामांकित कंपनीत शिरण्याची शक्यता बरीच वाढवली.

दिव्यासाठी ही गाळलेली ओळ सर्वात महत्त्वाची. मलबार हिलच्या मुलाला महाविद्यालयाने जी ओळख द्यायची, ती त्याच्या घरात आधीच असते. काकांचा मित्र बँकेत असतो, शेजारी सीए फर्मचे भागीदार असतात. दिव्यातल्या चाळीत वाढलेल्या, घरात पहिल्यांदा पदवी घेणाऱ्या मुलीसाठी जमनालाल बजाजचा वर्ग हा त्या जगात शिरायचा जवळजवळ एकमेव रस्ता असतो. म्हणून ‘नावाला काही अर्थ नाही, मेहनत करा’ हा सल्ला ज्यांच्याकडे आधीच नाव आहे त्यांनी द्यायचा आणि ज्यांच्याकडे नाही त्यांनी ऐकायचा, हे बरे नाही. सीईटीत खरेच वरचे पर्सेंटाइल येण्याची शक्यता असेल, तर एक वर्ष जास्त अभ्यास करून त्या दारावर धडक मारणे हा चांगला हिशेब आहे. सरकारी आणि विद्यापीठाच्या संस्थांचे शुल्क आयआयएमच्या शुल्कापुढे लहान असते. आयआयएम अहमदाबादचा दोन वर्षांचा खर्च २५ लाखांच्या पुढे गेला आहे.

पण त्या दारातून वर्षाला काहीशे मुले जातात. बाकीच्यांचे काय?

दिव्याच्या रुळांवरच्या नोकऱ्या

बाकीच्या बहुसंख्य नोकऱ्यांत नावाला फारसे स्थान नाही. सरकारी बँकांच्या प्रोबेशनरी ऑफिसर पदासाठीच्या आयबीपीएस परीक्षेला कोणत्याही मान्यताप्राप्त विद्यापीठाची, कोणत्याही शाखेची पदवी चालते. स्टेट बँकेचेही तसेच. परीक्षेचा पेपर महाविद्यालय विचारत नाही. टीसीएससारख्या कंपन्या वाणिज्य, कला आणि विज्ञान पदवीधरांसाठी खुल्या चाचण्या घेतात. ऐरोलीतल्या बॅक ऑफिसांत बोलण्या-लिहिण्याचे इंग्रजी, एक्सेल आणि रात्रपाळीची तयारी या तीन गोष्टींवर निर्णय होतो. दिव्याहून ठाण्याला जाऊन ट्रान्स-हार्बरची गाडी पकडून तिथे पोहोचणाऱ्यांची संख्या कमी नाही.

दिवा हे जंक्शन आहे, याचाही विचार व्हायला हवा. एक फाटा भिवंडीवरून वसईला जातो, दुसरा तळोज्यावरून पनवेलला. भिवंडीच्या गोदामांत देशातल्या बड्या ऑनलाइन विक्रेत्यांचा माल साठतो. तिथे मालाचा हिशेब, ई-वे बिल, जीएसटीचे विवरणपत्र आणि वाहतूकदारांशी रोजची झटापट करणारी माणसे लागतात. तळोजा आणि डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतींतल्या लघुउद्योगांना टॅलीवर ताळेबंद जुळवणारा आणि बँकेत बोलता येणारा माणूस हवा असतो. हे मालक बीएमएस आणि बीबीएमधला फरकही विचारत नाहीत. ते विचारतात : आधी कुठे काम केले, आणि तिथून का सोडले? कामाचा पहिला अनुभव इथे पदवीपेक्षा मोठा पुरावा ठरतो. म्हणूनच डोंबिवली-ठाण्यात शिकून वाचवलेले रोजचे तीन तास एखाद्या सीए फर्ममध्ये किंवा दुकानाच्या हिशेबात घातले, तर ते वाया जात नाहीत. या दोन फाट्यांवर गाड्या इतक्या कमी आहेत की भिवंडीची नोकरी कागदावर जवळ आणि प्रत्यक्षात दूर राहते; पण तो दोष रेल्वेचा, पदवीचा नव्हे.

आणि सीए. या अभ्यासक्रमात महाविद्यालयाचे नाव जवळजवळ पुसले जाते. परीक्षा देशभर एकच, तपासणी एकच. नंतर विचारतात ते किती प्रयत्नांत उत्तीर्ण झालात आणि आर्टिकलशिप कुठे केली. आर्टिकलशिपचा काळ आता तीनऐवजी दोन वर्षांचा झाला आहे. जुलै २०२४ मध्ये डोंबिवलीत भाजी विकणाऱ्या एका आईला मुलगा सीए झाल्याची बातमी कळते त्या क्षणाची चित्रफीत राज्यभर फिरली. ती इतकी फिरली, कारण असे क्वचित घडते. अंतिम परीक्षेत उत्तीर्ण होणाऱ्यांपेक्षा अनुत्तीर्ण होणारे कितीतरी जास्त असतात. तरीही हा रस्ता स्वस्त आहे, शिकताना विद्यावेतन देतो, आणि मधेच सोडावा लागला तरी हातात हिशेबाचे काम राहते.

नाव बघत नाहीत याचा अर्थ सगळे न्याय्य चालते, असा मात्र नाही. महाविद्यालयाच्या नावाची जागा दुसऱ्या गोष्टी घेतात. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे, पण वेगवेगळ्या आडनावांचे अर्ज पाठवून बघितले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दलित आणि मुस्लिम नावांच्या अर्जांना उत्तरे कमी आली. त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी दिल्ली परिसरातल्या एचआर व्यवस्थापकांशी बोलून दाखवले, की ‘गुणवत्ता’ हा शब्द तोंडी असलेले हेच लोक मुलाखतीत ‘घरी कोण काय करते’ हे आवर्जून विचारतात आणि उत्तराला वजन देतात. ‘राहायला कुठे?’ या साध्या प्रश्नाचे उत्तर ‘दिवा’ असले, की मुलाखत घेणाऱ्याच्या मनात गाड्यांचे वेळापत्रक, उशिरा येण्याची भीती आणि बरेच काही येऊ शकते. अशा वेळी नामांकित संस्थेचे नाव ढालीसारखे कामाला येते, आणि ज्याला ते मिळाले नाही त्याला फक्त पत्ता उरतो.

सर्वात तोट्याचा सौदा

सीईटीत ९९ आले नाहीत, आणि बीकॉमवर मिळालेली १८ हजारांची नोकरी कमी वाटते. मग नवी मुंबईपासून पुण्यापर्यंतच्या खासगी संस्थांचे फोन सुरू होतात. ‘शंभर टक्के प्लेसमेंट’, ‘सर्वोच्च पॅकेज’, आणि शुल्क सात-आठ-दहा लाख. या संस्थांचे नाव वरच्या कंपन्यांच्या यादीत नसते. खालच्या नोकऱ्यांत त्या नावाची गरज नसते. तरीही पैसे मात्र नावाचे घेतले जातात.

हिशेब करून बघण्यासारखा आहे. समजा आठ लाखांचे कर्ज साडेदहा टक्के दराने सात वर्षांसाठी घेतले, तर महिन्याचा हप्ता साधारण साडेतेरा हजार येतो. शिकत असताना चढलेले व्याज वेगळे. एमबीएनंतर हातात २५ हजार पडत असतील, तर निम्म्याहून जास्त पगार हप्त्यात जातो, आणि उरलेले पैसे एमबीए न करता मिळणाऱ्या १८ हजारांपेक्षा कमी असतात. त्यात दोन वर्षांचा बुडालेला पगार धरलेलाच नाही.

केंद्र सरकारचाही कल नावाकडे आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत विनातारण, विनाजामीनदार कर्ज आणि व्याजसवलत ठेवली आहे, पण ती प्रामुख्याने ‘एनआयआरएफ’ या राष्ट्रीय क्रमवारीत वरच्या असलेल्या संस्थांच्या आणि केंद्रीय संस्थांच्या विद्यार्थ्यांसाठी. सुरुवातीला अशा ८६० संस्था होत्या. आपली संस्था त्या यादीत आहे का, हा प्रश्न कर्ज घेण्यापूर्वी विचारावा. नसेल तर ते उत्तरही बोलके आहे. याच क्रमवारीत १० टक्के गुण निव्वळ ‘प्रतिमे’ला, म्हणजे मालक आणि प्राध्यापकांना त्या संस्थेबद्दल काय वाटते याला आहेत. आधी नाव, मग क्रमांक, क्रमांकामुळे पुन्हा नाव, असे हे वर्तुळ फिरते.

मात्र याच ‘एनआयआरएफ’मुळे पालकांच्या हाती एक उपयोगी कागदही आला आहे. क्रमवारीत भाग घेणाऱ्या संस्थेला किती विद्यार्थी उत्तीर्ण झाले, किती जणांना नोकरी लागली आणि त्यांच्या पगाराचा मध्यक किती, ही माहिती द्यावी लागते आणि ती मोबाइलवर कोणालाही बघता येते. माहिती संस्थेनेच भरलेली असते, हे खरे. पण जाहिरातीतल्या ‘सरासरी’पेक्षा ती बरी. दहा जणांपैकी नऊ जणांना तीन लाखांचे पॅकेज मिळाले आणि एकाला वीस लाखांचे, तर सरासरी चार लाख सत्तर हजार होते. मध्यक तीनच लाख राहतो. बहुतेकांना मिळणार तो मध्यक. ज्या संस्थेचे कार्यालय मध्यक विचारल्यावर विषय बदलते, तिथे फॉर्म न भरलेला बरा.

नोकरी सांभाळून ऑनलाइन किंवा दूरस्थ एमबीए करणाऱ्यांचे गणित थोडे वेगळे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये मान्यताप्राप्त ऑनलाइन आणि दूरस्थ पदव्या नियमित पदव्यांच्या बरोबरीच्या ठरवल्या. कागदावरचा दर्जा आणि बाजारातला दर्जा यांत अंतर असते, हे मात्र अमेरिकेतल्या एका प्रयोगाने दाखवले. डेव्हिड डेमिंग, क्लॉडिया गोल्डिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खऱ्या जाहिरातींना बनावट बायोडेटा पाठवले. मोठ्या ऑनलाइन नफेखोर संस्थांची बिझनेस पदवी असलेल्यांना साध्या, फारशी चाळणी नसलेल्या सरकारी महाविद्यालयाच्या पदवीधरांपेक्षा सुमारे २२ टक्के कमी बोलावणी आली. तुलना हार्वर्डशी नव्हती, साध्या सरकारी महाविद्यालयाशी होती. आहे त्याच कंपनीत बढतीसाठी पदवीची अट असेल तर ऑनलाइन एमबीए कामाचे. नवी नोकरी मिळवायला त्यावर फार विसंबू नये.

कंपन्यांना काय करता येईल?

ब्रिटनमध्ये डेलॉइटने २०१५ मध्ये उमेदवाराच्या शाळेचे आणि विद्यापीठाचे नाव मुलाखत घेणाऱ्यांपासून नोकरीचा देकार देईपर्यंत झाकून ठेवण्याचा निर्णय घेतला. त्याच वर्षी तिथल्या ईवायने पदवीच्या गुणांची अट काढून स्वतःच्या चाचण्यांवर भर दिला. विद्यापीठातले यश आणि नंतरच्या व्यावसायिक परीक्षांतले यश यांचा संबंध त्यांना आपल्या माहितीत सापडला नव्हता. दोन्ही कंपन्यांची भारतात मोठी कार्यालये आहेत, मुंबईतही आहेत. लंडनमध्ये झाकता येणारे नाव मुंबईत झाकायला तांत्रिक अडचण काही नाही.

नाव झाकल्याने सगळे सुटत नाही. उच्चार, कपडे, आत्मविश्वास मुलाखतीत उघडेच असतात. पण दिव्यातल्या पदवीधराची अडचण मुलाखतीत हरण्याची कमी आणि मुलाखतीपर्यंत न पोहोचण्याची जास्त आहे. तेवढी तरी दूर होईल.

दुसरी जबाबदारी मुंबई विद्यापीठाची. उपनगरी महाविद्यालयांच्या पन्नास-साठ जणांच्या तुकडीसाठी कोणतीही मोठी कंपनी स्वतंत्र फेरी मारणार नाही; तिला ते परवडत नाही. ठाणे, डोंबिवली, कल्याण, उल्हासनगर आणि बदलापूरच्या महाविद्यालयांचे विद्यार्थी एकत्र आणून, विद्यापीठाने स्वतः घेतलेल्या एका चाचणीच्या गुणांसह कंपन्यांसमोर ठेवले, तर कंपनीला हवी असलेली चाळणी मिळेल आणि मुलांना हवी असलेली संधी. महाविद्यालयनिहाय नोकऱ्यांची आकडेवारी विद्यापीठाने दरवर्षी जाहीर केली, तर ‘शंभर टक्के प्लेसमेंट’च्या फलकांना उत्तरही मिळेल. त्यासाठी नवी इमारत बांधावी लागणार नाही. ठाण्यात बाळकुमला विद्यापीठाचे उपपरिसर केंद्र आहे आणि तिथे बीएमएस-एमबीएचा पाच वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रमही चालतो. दिव्याहून ठाणे तिसरे स्थानक, पुढे बस.